एकविसाव्या वर्षी ऑलिम्पिक हुकलं, पंचविसाव्या वर्षी दोन रौप्यपदकं: लांब पल्ल्याचा जलतरणपटू कसा घडतो?

राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचं २०३० चं यजमानपद अहमदाबादला मिळालं आणि आमच्या तलावाच्या काठावरच्या बाकावर नवा विषय निघाला. पहाटे साडेपाचला मुलांना पाण्यात सोडून आम्ही पालक थर्मासमधला चहा घेत बसतो, तो हा बाक. कुणीतरी म्हणालं, "आता ते लाल ड्रॅगनच्या झेंड्याचे लोक आपल्याकडे येणार, वेल्सचे. पण ऑलिम्पिकमध्ये हा देश कधी दिसत नाही, असं कसं?" लगेच दुसरा प्रश्न आला, की एवढ्याशा वेल्समधून जलतरणपटू येतात तरी कुठून, आणि घडतात कसे?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायला मला एक नाव पुरतं. जॅझ कार्लिन. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने ४०० आणि ८०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये रौप्यपदकं मिळवली. हे कुठेही सापडतं. मला तिच्या त्याआधीच्या वर्षांबद्दल लिहायचं आहे, कारण नुसती पदकांची यादी समोर ठेवली तर ती वर्षं साफ चुकीची वाचली जातात. यादीत दिसतं ते असं: २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोन पदकं, मग २०१२ चं लंडन ऑलिम्पिक अगदी घरच्या अंगणात आणि संघात तिचं नावच नाही, मग २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अचानक सुवर्ण. ज्याला पोहण्यातलं काही माहीत नाही तो म्हणेल, मुलगी चमकली, विझली, पुन्हा चमकली. पाण्याखाली घडत होतं ते वेगळंच.

वेल्स कधी वेगळा, कधी ब्रिटन, असं का?

हे आधी मोकळं करू. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून युनायटेड किंग्डम होतं. ऑलिम्पिकमध्ये या सगळ्यांचा मिळून एकच संघ उतरतो, ग्रेट ब्रिटन या नावाने. राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र चौघे आपापल्या झेंड्याखाली, एकमेकांच्या विरुद्ध खेळतात. वेल्स १९३० च्या पहिल्या स्पर्धेपासून असाच खेळत आला आहे. आपल्याकडे रणजी स्पर्धेत मुंबई आणि महाराष्ट्र समोरासमोर येतात आणि कसोटीला सगळे भारताकडून उतरतात, तसंच काहीसं.

म्हणून एकाच खेळाडूच्या कारकिर्दीत दोन जर्सी दिसतात. दिल्लीत आणि ग्लासगोत कार्लिन वेल्सची होती, रिओत ब्रिटनची.

"पण तिचा जन्म तर इंग्लंडमधला!" हा आक्षेप येतोच. बरोबर आहे, ती १७ सप्टेंबर १९९० ला स्विंडन या इंग्लंडमधल्या गावी जन्मली. राष्ट्रकुल स्पर्धेत या चारपैकी कुणाकडून खेळायचं हे केवळ जन्मगावावर ठरत नाही, आई-वडिलांचं मूळ आणि वास्तव्य यांनाही तिथे मान आहे. किशोरवयात ती वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या स्वान्सी शहरात आली आणि तिथेच जलतरणपटू म्हणून घडली. तिला वेल्सची म्हणतात ते या घडण्यामुळे.

आणि वेल्स खरंच लहान आहे. तिथली लोकसंख्या सुमारे ३१ लाख. आपला एकटा कोल्हापूर जिल्हा २०११ च्या जनगणनेतच ३८ लाखांच्या पुढे होता.

तलाव पन्नासचा की पंचवीसचा, एवढा फरक पडतो?

पडतो. पोहण्याच्या जगात दोन मापं चालतात. ५० मीटर लांबीच्या तलावातल्या स्पर्धेला लाँग कोर्स म्हणतात, २५ मीटरच्या तलावातल्या स्पर्धेला शॉर्ट कोर्स. ऑलिम्पिक, राष्ट्रकुल, सगळं लाँग कोर्सवर. २५ च्या तलावात ८०० मीटर पोहायला ३१ वेळा भिंत भेटते. पन्नासच्या तलावात फक्त १५ वेळा. भिंत म्हणजे काय, तर पायांनी दिलेला जोरदार धक्का, काही मीटरांचा फुकटचा वेग आणि हातांना क्षणभराची विश्रांती. मोठ्या तलावात ही विश्रांती निम्म्याहून कमी होते. छोट्या तलावात वाढलेलं मूल पहिल्यांदा पन्नासच्या तलावात उतरलं की पस्तीस-चाळीस मीटरवर त्याचे हात जड होताना काठावरून स्पष्ट दिसतात. मी माझ्या मुलीचे पाहिलेत.

वेल्सची राजधानी कार्डिफ. तिथे १९५८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेला एम्पायर पूल होता. तो १९९८ मध्ये पाडला आणि त्यानंतर शहराला ५० मीटरचा तलाव थेट २००८ मध्ये मिळाला. मधल्या त्या दहा वर्षांतच कार्डिफमध्ये प्रशिक्षक डेव्ह हॅलर यांच्या हाताखाली डेव्हिड डेव्हिस नावाचा मुलगा तयार झाला आणि १९ व्या वर्षी, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये, १५०० मीटरचं कांस्यपदक युरोपीय विक्रमासह घेऊन आला. माणसं अशीही वाट काढतात. पण प्रत्येक मुलाकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

स्वान्सीत मात्र २००३ मध्ये विद्यापीठाला लागून वेल्सचा राष्ट्रीय तलाव उभा राहिला, पूर्ण ५० मीटरचा. कार्लिनच्या जडणघडणीत हा तलाव निर्णायक ठरला असं मी मानते. दुसरी गोष्ट म्हणजे तिथले प्रशिक्षक बड मॅकॲलिस्टर. अमेरिकेची जॅनेट इव्हान्स १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकली, तेव्हा तिचे प्रशिक्षक हेच होते. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

८०० मीटर म्हणजे एकतीस सेकंद, सोळा वेळा

आता मुख्य गोष्टीकडे. ८०० मीटर म्हणजे पन्नासच्या तलावात सोळा लॅप. कार्लिनची रिओमधली वेळ होती ८ मिनिटं १६.१७ सेकंद, म्हणजे ४९६.१७ सेकंद. सोळाने भागा: एका लॅपला सरासरी ३१.०१ सेकंद.

मोबाईलवर स्टॉपवॉच लावून एकतीस सेकंद नुसते मोजून पाहा. तेवढ्यात ती पन्नास मीटर गेलेली असते, भिंतीजवळ कोलांटी घेऊन वळलेली असते आणि पुढच्या लॅपला लागलेली असते. मग पुन्हा एकतीस. पुन्हा एकतीस. असं सोळा वेळा. साध्या तलावात चांगलं पोहणारा तरुण माणूस यातला एखादा लॅप कदाचित काढेल. दुसऱ्याला तो दोरी धरून उभा असेल.

प्रत्येक लॅपला लागलेल्या वेळेला स्प्लिट म्हणतात. लांब पल्ल्याचा जलतरणपटू कसा आहे हे जाणकार त्याच्या एकूण वेळेआधी स्प्लिटवरून ओळखतात. पहिला लॅप उडी मारून सुरू होतो म्हणून तो जलद असतोच. खरी परीक्षा सातव्या ते तेराव्या लॅपची. प्रेक्षकांना तिथे काहीच घडताना दिसत नाही आणि नेमकं तिथेच स्प्लिट दहा-वीस शतांशांनी घसरायला लागतात. वारीत चालणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही. सासवडचा दिवेघाट चढताना पहिल्या वळणावर पळणारा पुढे दिसतो, पण माथ्यावर आधी पोहोचतो तो ज्याची चाल पहिल्यापासून एकसारखी आहे.

हा दहा-वीस शतांशांचा हिशेब किती कडक असतो ते पाहा. रिओत तिसरी आलेली हंगेरीची बोग्लार्का कापाश ८:१६.३७ ला पोहोचली. कार्लिनमधलं आणि तिच्यातलं अंतर ०.२० सेकंद. सोळा लॅपवर वाटलं तर प्रत्येक लॅपला सव्वा शतांश सेकंद! डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

वेग वाढवणं एवढं महाग का? पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असतं आणि वेग वाढला की त्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. त्या विरोधातून शरीर ओढायला लागणारी ताकद तर घनाने वाढते. साध्या भाषेत, एक टक्का जलद जायचं तर सुमारे तीन टक्के जास्त ताकद लावावी लागते, आणि तीही आठ मिनिटं सलग.

हे इंजिन घडायला वर्षं का लागतात?

आठ मिनिटांच्या शर्यतीत बहुतांश ऊर्जा श्वासातल्या ऑक्सिजनवर तयार होते. शरीराच्या या क्षमतेला प्रशिक्षक एरोबिक बेस म्हणतात. आपल्या बोलीत याला दम म्हणू. हा दम तीन ठिकाणी घडतो. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं. स्नायूंत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. आणि स्नायूंच्या पेशींत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या ज्या सूक्ष्म भट्ट्या असतात, त्यांची संख्या आणि कार्यक्षमता वाढते.

यातलं काहीही महिन्याभरात होत नाही. आवर्ती ठेव असते ना पोस्टातली, तसं आहे हे. दर महिन्याचा हप्ता छोटा असतो. पहिल्या वर्षी पासबुक उघडलं तर शिल्लक बघून वाटतं, एवढंच? पाचव्या वर्षी मात्र तीच रक्कम घराच्या कामाला येते. लांब पल्ल्याचे आघाडीचे जलतरणपटू आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटरही पोहतात. बहुतेक सगळं तालावर, घड्याळाकडे बघत, फळ्यावर लिहिलेला सेट पुरा करत. "दहा वेळा शंभर मीटर, दर सव्वा मिनिटाला सुटायचं." म्हणजे एक मिनिट पाच सेकंदांत शंभर मीटर पोहलात तर दहा सेकंद विश्रांती, एक-दहाला पोहलात तर पाचच. मंदावलात की दम घ्यायची उसंतही कमी मिळते.

जोडीला तंत्र येतं. हाताचा तळवा आणि कोपरापर्यंतचा भाग पाण्याला कसा 'पकडतो', याला पोहणारे पाण्याची जाण म्हणतात. ही जाण रोज पाण्यात असल्याशिवाय राहत नाही. चार दिवस सुटी घेऊन आलेली मुलं म्हणतात, "आज पाणी हातात येत नाहीये." त्यांना नेमकं तेच म्हणायचं असतं.

दिल्ली, ऑक्टोबर २०१०

२००९ मध्ये, अठराव्या वर्षी, रोमच्या जागतिक स्पर्धेत कार्लिन ब्रिटनच्या ४ बाय २०० मीटर रिले संघात होती आणि संघाला कांस्य मिळालं. पुढच्या वर्षी दिल्लीला तालकटोराजवळच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जलतरण संकुलात तिने वेल्ससाठी २०० मीटरमध्ये रौप्य आणि ४०० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. वय वीस. याच स्पर्धेत प्रशांत कर्माकरने पॅरा-जलतरणात कांस्य मिळवून भारताला राष्ट्रकुल जलतरणातलं पहिलं पदक दिलं आणि याच पाण्यात आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडेही उतरला होता. त्यामुळे या मुलीच्या सुरुवातीच्या कारकिर्दीतला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या देशात घडला, एवढा आपला तिच्याशी धागा आहे.

इथे थांबून एक बारकावा पाहायला हवा, कारण या काळातल्या कुणाच्याही वेळा वाचताना तो चुकतो. २००८-०९ मध्ये पॉलियुरेथेनचे पोशाख आले होते. ते शरीर घट्ट आवळून धरत, पाण्यात वर तरंगवत आणि विरोध कमी करत. रोमच्या एकाच स्पर्धेत त्यामुळे ४३ जागतिक विक्रम झाले. १ जानेवारी २०१० पासून त्यांच्यावर बंदी आली. ज्यांची उमेदीची वर्षं या काळात सापडली, त्यांचा आलेख यामुळे वेडावाकडा दिसतो. २००९ मध्ये झकास वेळ, २०१० मध्ये मंद. पालक म्हणतात, पोरगी मागे पडली. प्रत्यक्षात फक्त कपडे बदललेले असतात. म्हणून दिल्लीच्या वेळा आदल्या वर्षाच्या वेळांशी थेट ताडून पाहू नयेत.

दुसरी खूण पदकांमध्येच आहे. दिल्लीत तिची पदकं २०० आणि ४०० मीटरची. रिओत ४०० आणि ८०० ची. सहा वर्षांत पदकं एक पायरी लांब पल्ल्याकडे सरकली. वीसपर्यंत वेग दाखवणारं शरीर पंचविशीत दम दाखवायला लागलं. त्या आवर्ती ठेवीची मुदत भरत आली होती.

मग २०१२ ला ती होती कुठे?

आजारी पडली होती. इंग्रजीत ज्याला ग्लँड्युलर फीव्हर म्हणतात तो आजार, एपस्टीन-बार नावाच्या विषाणूमुळे होणारा. ताप, घसा सुजणं, मानेतल्या गाठी सुजणं ही लक्षणं. बहुतेकांचा ताप काही आठवड्यांत जातो, पण थकवा महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो. नोकरी करणारा माणूस यातून उठतो आणि कामाला लागतो, संध्याकाळी जरा लवकर झोपतो. दिवसाला आठ-दहा किलोमीटर पोहणाऱ्यासाठी मात्र रेंगाळणारा थकवा म्हणजे रोजचा हप्ता बंद.

सराव थांबल्यावर सगळ्यात आधी रक्तातला द्रव कमी होतो, अगदी काही दिवसांत. त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जातं. काही आठवड्यांत पेशींतल्या भट्ट्या मंदावतात. म्हणजे आजारातून उठलेली खेळाडू आजारी पडली होती तिथून सुरुवात करत नाही, बरीच मागून करते. आणि शरीर पूर्ण सावरण्याआधी जोर केला तर थकवा उलटतो.

त्यात निवड पद्धत अशी, की लंडनच्या काही महिने आधी, मार्च २०१२ मध्ये ब्रिटनची निवड चाचणी झाली. ऑलिम्पिकला एका देशातून एका प्रकारात जास्तीत जास्त दोनच जलतरणपटू जाऊ शकतात, आणि त्यांनी ठरलेली पात्रता वेळही काढावी लागते. ब्रिटनमध्ये तेव्हा रेबेका ॲडलिंग्टन होती, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ४०० आणि ८०० अशी दोन्ही सुवर्णं जिंकलेली. म्हणजे एक जागा जवळजवळ गेल्यातच जमा. चाचणी आपल्या तब्येतीसाठी थांबत नाही. कार्लिन संघात आली नाही.

एक गोष्ट आणखी समजून घ्यावी लागते, ती म्हणजे टेपर. मोठ्या स्पर्धेआधी दोन-तीन आठवडे सरावाचं अंतर हळूहळू कमी करतात, म्हणजे साठलेला थकवा उतरतो आणि वेग वर येतो. यातून वेळेत दोन-तीन टक्क्यांचा फरक पडू शकतो. ८०० मीटरला दोन टक्के म्हणजे जवळपास दहा सेकंद! ज्याच्याकडे टेपर करायला आधीचा भरपूर सरावच नाही, त्याला हे दहा सेकंद कुठून मिळणार? आजारपणानंतरची चाचणी या अर्थाने दुहेरी मार असते. त्या दिवशीच्या वेळेवरून खेळाडूची कुवत ठरवणं म्हणजे तापातून उठलेल्या मुलाच्या परीक्षेतल्या गुणांवरून त्याची बुद्धी ठरवणं.

कमावलेलं सगळं वाहून जातं का?

नाही, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे. वरवरचं लवकर जातं: रक्तातला द्रव, पेशींची चपळाई, पाण्याची जाण. पण वर्षानुवर्षांच्या सरावाने हृदयाची जी घडण झालेली असते आणि स्नायूंत रक्तवाहिन्यांचं जे जाळं विणलेलं असतं, ते बराच काळ टिकून राहतं. त्यावर पुन्हा बांधकाम सुरू करता येतं. शेतात एकदा खोल नांगरट आणि बांधबंदिस्ती झालेली असली की एक हंगाम पडीक गेला तरी जमीन नव्याने तयार करावी लागत नाही.

लंडन हुकल्यावर कार्लिनने स्वान्सी सोडलं आणि बाथ इथे डेव्ह मॅकनल्टी यांच्या गटात सराव सुरू केला. २०१४ च्या जुलैमध्ये ग्लासगोच्या टॉलक्रॉस तलावात तिने वेल्ससाठी ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, ८:१८.११ मध्ये. ४०० मीटरमध्ये रौप्य. वेल्सच्या महिला जलतरणपटूने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकण्याची ही ४० वर्षांतली पहिली वेळ होती. त्याआधी १९७४ मध्ये पॅट बीव्हन हिने २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ते जिंकलं होतं. ग्लासगोतच वेल्सच्या जॉर्जिया डेव्हिसने ५० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्णही मिळवलं. पुढच्याच महिन्यात बर्लिनच्या युरोपीय स्पर्धेत कार्लिनने ४०० आणि ८०० दोन्ही जिंकल्या.

ज्या लंडनला ती नव्हती, तिथे ८०० मीटरचं रौप्य ८:१८.७६ ला मिळालं होतं. ग्लासगोची तिची वेळ त्याहून सरस. दोन वर्षं उशिरा का होईना, पण ती वेळ तिच्या अंगात होती.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर वीरधवलचंच. दिल्लीनंतर महिन्याभरात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं, खजान सिंगच्या १९८६ च्या रौप्यानंतरचं भारताचं पहिलं जलतरण पदक. मग तहसीलदारपदाची नोकरी आणि काही वर्षं नियमित सरावापासून दूर. २०१८ मध्ये जकार्तात तो ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये चौथा आला, कांस्य हुकलं ०.०१ सेकंदाने. त्याची शर्यत वेगाची आणि कारणही वेगळं, तरी तुटलेल्या वर्षांनंतर इतक्या जवळ येता येतं हे तिथेही दिसलं. त्या एका शतांशाची हळहळ मला आजही वाटते.

"पण लेडेकी तर पंधराव्या वर्षीच जिंकली!"

हा आक्षेप खरा आहे आणि टाळू नये. अमेरिकेची केटी लेडेकी लंडनला ८०० मीटरचं सुवर्ण ८:१४.६३ मध्ये जिंकली तेव्हा पंधरा वर्षांची होती. ॲडलिंग्टन बीजिंगमध्ये एकोणीस वर्षांची. म्हणजे लवकर बहरणारी शरीरं असतात. काही मुलींची वाढ आधी पुरी होते, काहींची उशिरा. काहींच्या वाट्याला आजारपणाविना सलग सात-आठ वर्षं येतात. ते नशीबही असतं, नुसती मेहनत नव्हे.

आमच्या बाकावरची चूक अशी, की आम्ही लेडेकीला मोजपट्टी करतो. अकरा वर्षांच्या गटात जिल्ह्याला पदक नाही आलं, की "बघू, अजून एक वर्ष देऊ" अशी भाषा सुरू होते. तलावाच्या भिंतीवर निकालाचा कागद लागतो, पालक पहिली तीन नावं वाचतात आणि निघतात. त्या कागदावर खाली, सातव्या-आठव्या नावापुढे, कधी कधी फार चांगली गोष्ट लिहिलेली असते: शेवटचे चार स्प्लिट पहिल्या चारांइतकेच. तो कागद मी आता खालून वर वाचते.

"शेवटी रौप्यच ना?"

रिओत ८०० मीटरला लेडेकीने ८:०४.७९ असा जागतिक विक्रम केला. कार्लिन तिच्या ११.३८ सेकंद मागे होती. दूरदर्शनच्या चौकटीत एक जण पुढे आणि बाकी सगळे दुसऱ्या शर्यतीत असल्यासारखे दिसत होते. म्हणून अनेकांना ते रौप्य फिकं वाटलं.

आता बड मॅकॲलिस्टरकडे परत येऊ. त्यांची जुनी शिष्या जॅनेट इव्हान्स हिने १९८९ मध्ये टोकियोत ८०० मीटर ८:१६.२२ मध्ये पोहून जागतिक विक्रम केला होता. तो विक्रम १९ वर्षं टिकला, २००८ मध्ये बीजिंगला ॲडलिंग्टनने मोडेपर्यंत. मधल्या काळात जगातल्या कुठल्याही बाईला पन्नासच्या तलावात त्याहून जलद पोहता आलं नाही.

त्याच मॅकॲलिस्टरांच्या फळ्यावरचे सेट स्वान्सीत पोहून वाढलेली, घरच्या ऑलिम्पिकला मुकलेली मुलगी रिओत त्या अंतरासाठी पंधराव्यांदा भिंतीवरून वळली, शेवटचे पन्नास मीटर कापाशला मागे ठेवत आली आणि फलकावर तिची वेळ उमटली: ८:१६.१७. इव्हान्सच्या त्या आकड्याहून पाच शतांश कमी.